पानगळ

पानगळ बाटलीतून येते, अशी आमच्या दादाची समजूत आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. तासगाव तालुक्यातल्या त्याच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीच्या आधी इथ्रेल फवारतात. काही दिवसांत पानं पिवळी पडतात, गळतात, काडी मोकळी होते आणि मग कात्री चालते. वेलीला झोप लागावी इतकी थंडी आमच्याकडे पडतच नाही. त्यामुळे ऋतू बदलल्याचं माणसानंच तिला सांगावं लागतं, तेही वर्षातून दोनदा. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. दादाचं उभं आयुष्य या दोन छाटण्यांच्या मध्ये गेलंय.

तोच दादा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ऑस्ट्रेलियातल्या ब्राइट नावाच्या गावी रस्त्याकडेला उभा होता. त्याच्या टोपीवर, खांद्यावर आणि पायताणावर पानं टपटपत होती. एल्म, ओक, पॉपलर, लिक्विडंबर. पिवळी, नारिंगी, काही तर ओल्या कुंकवासारखी लाल. गावाकडे चैत्राचं ऊन रटरटत होतं आणि इथं सकाळी तोंडातून वाफ निघत होती.

"औषध न मारता?" दादानं विचारलं.

"न मारता," त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, म्हणाला.

दादानं एक पान उचललं, देठाकडून निरखलं आणि खिशात घातलं. मग दुसरा प्रश्न आला, "लावली कुणी ही झाडं?"

प्रश्न बरोबर होता. ही झाडं इथली नाहीत. एकोणिसाव्या शतकात ओव्हन्स नदीच्या या खोऱ्यात सोनं सापडलं आणि युरोपातून माणसांचे लोंढे आले. त्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी आपापल्या मुलखातली झाडं रस्त्याच्या दुतर्फा लावली. लोक दरवर्षी गाड्या भरभरून जो शरद बघायला इथं येतात, तो असा बाहेरून आणलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या मूळ झाडांपैकी फार थोडी थंडीआधी पानं टाकतात. निलगिरीचं जवळजवळ सगळं गणगोत बारमाही हिरवं. हे भाच्यानं सांगितल्यावर दादाचा चेहरा जरा उतरला. नाटकातला राजा पडद्यामागे विडी ओढताना दिसावा, तसं काहीतरी त्याला झालं असावं.

बेत भाच्याचा होता. तो मेलबर्नला नोकरी करतो. यंदा खरड छाटणी लवकर उरकून दादानं प्रथमच विमानाचं तोंड पाहिलं, आणि सोबतीला म्हणून आत्याची, म्हणजे माझी, वर्णी लागली. शहर दाखवून झाल्यावर भाच्याच्या लक्षात आलं की बापाला उंच इमारतींत काडीचा रस नाही. मग त्यानं दहा दिवसांसाठी कॅम्परव्हॅन भाड्यानं घेतली. ब्राइटवरून उत्तरेला उतरायचं, मरी नदी गाठायची आणि तिच्या काठानं पश्चिमेला जमेल तितकं जायचं.

कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरची एक खोली. दिवसा ज्या टेबलावर जेवायचं, रात्री त्याचाच पलंग करायचा. दोन शेगड्यांचा गॅस, बादलीएवढं बेसिन, खुराड्याएवढा संडास. त्या संडासाची टाकी ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करावी लागते. हे काम भाच्याकडे होतं आणि त्याविषयी गावाकडे कुणाला कळू नये अशी त्याची इच्छा होती. ती मी इथं मोडते आहे. पोहे परतले की कांद्याचा वास दोन दिवस गादीतून जात नाही. आमची गाडी डांबरी सोडून कच्च्या रस्त्यावर न्यायला बंदी होती. अंधार पडल्यावर तर हलायचंच नाही, कारण तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. रात्रीचा मुक्काम कॅरव्हॅन पार्कात. तिथं आमच्या आजूबाजूला साठी-सत्तरीची जोडपी असायची. घर भाड्यानं देऊन वर्ष-वर्ष रस्त्यावर राहणारी ही माणसं. त्यांना इथं 'ग्रे नोमॅड' म्हणतात. दादा त्यांना वारकरी म्हणायला लागला.

मरी हे नाव दादानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यानं हात जोडले. "मरीआईची नदी?" त्याला मी सांगितलं की चार्ल्स स्टर्ट नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १८३० साली होडीतून ही नदी गाठली आणि सर जॉर्ज मरी या ब्रिटिश मंत्र्याचं नाव तिला दिलं. योर्टा योर्टा लोकांसाठी ती त्याच्या कितीतरी आधीपासून डुंगाला आहे. "मंत्र्याचं नाव?" दादा म्हणाला. "म्हंजे मरीआईच बरी."

नदीची लांबी सुमारे २,५०० किलोमीटर. उगम ऑस्ट्रेलियन आल्प्समध्ये, आणि डोंगर सुटला की ती जवळजवळ सपाटीवर पसरते. अल्बरी शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण १६० मीटर आणि तिथून समुद्र नदीच्या वाटेनं २,२०० किलोमीटर. दादानं मनात भागाकार केला. किलोमीटरला चार बोटं उतार. एवढ्या उतारावर पाटाचं पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचायचं नाही, असं त्याचं मत पडलं. पाणी पोचतं, पण आपल्या सवडीनं. अल्बरीच्या वरच्या ह्यूम धरणातून सोडलेलं पाणी दक्षिण ऑस्ट्रेलियाची हद्द गाठायला साधारण महिना घेतं.

ह्यूम धरण १९३६ साली पुरं झालं. त्यात ३,००५ गिगालिटर पाणी मावतं. सांगलीकडे हा आकडा असा कळत नाही, म्हणून मी तो टीएमसीत मांडला. १०६ टीएमसी. "कोयना!" दादा जवळपास ओरडलाच. कोयना १०५. तेव्हापासून प्रवासभर नदीत पाणी दिसलं की दादा "कोयनेतनं किती सोडलंय?" असं विचारू लागला.

कोरोवा या गावात आम्ही फक्त चहा घेतला, पण सरहद्दीची गंमत तिथं कळली. नदीच्या उत्तरेला न्यू साउथ वेल्स, दक्षिणेला व्हिक्टोरिया. साहजिक वाटेल की हद्द पात्राच्या मधोमध असेल. तसं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कायद्यानं सगळं पाणी न्यू साउथ वेल्सचं ठरवलं आणि व्हिक्टोरियाची हद्द दक्षिण काठाच्या माथ्यावर थांबवली. व्हिक्टोरियातला माणूस काठ उतरून पाण्याशी गेला की तो दुसऱ्या राज्यात. एका खटल्यात हे शब्दशः घडलं. काठाच्या माथ्यावरून एकानं गोळी झाडली, खाली पाण्याच्या कडेला असलेला माणूस मेला. व्हिक्टोरियाच्या कोर्टानं शिक्षा दिली, पण हा खून व्हिक्टोरियात नव्हे तर शेजारच्या राज्यात झाला असं सांगून हायकोर्टानं ती १९८० साली रद्द केली. तिथलं हायकोर्ट म्हणजे देशाचं सर्वोच्च न्यायालय. पूर्वी ही राज्यं म्हणजे वेगळ्या वसाहती, आणि त्या एकमेकींच्या मालावर पुलांवरच जकात घेत. त्याला वैतागलेल्या लोकांची १८९३ मध्ये कोरोवात परिषद भरली आणि एक देश व्हायच्या खटपटीला तिथं जोर आला. १९०१ साली देश झाला. २०२० च्या महामारीत हेच पूल पुन्हा बंद झाले.

पुढे यारावोंगा. तिथला बंधारा १९३९ चा. त्याच्या फुगवट्याचं मलवाला सरोवर झालं आणि नदीकाठची रेड गमची, म्हणजे निलगिरीच्या एका जातीची, झाडं होती तिथंच बुडाली. ती अजून उभी आहेत. पांढरीफटक, बिनपानांची, शेकड्यांनी, कमरेएवढ्या पाण्यात. संध्याकाळी त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात. लोक फोटो काढत होते, मीही काढले. दादानं काढला नाही. बागेत पाणी तुंबून मुळं कुजलेल्या वेली त्यानं बघितल्यात.

रेड गम हा या नदीचा खरा रहिवासी, आणि त्याची गाठ आम्हाला नीट पडली ती बार्मा जंगलात. बार्मा आणि पलीकडचं मिलेवा मिळून रेड गमचं जगातलं सर्वांत मोठं जंगल होतं. खोडं करडी, गुळगुळीत, सोललेल्या सालीचे पट्टे लोंबणारी. काही झाडं शेकडो वर्षांची. काहींच्या खोडावर माणसापेक्षा उंच, लांबट व्रण आहेत. योर्टा योर्टा लोकांनी तिथून एकसंध साल काढून होड्या केल्या. होडी गेली, झाड जगलं. या झाडाखाली मुक्काम करू नका, हे आम्हाला पार्कातल्या प्रत्येक आजोबांनी बजावलं. वारा नसताना, कसलीही सूचना न देता ते हत्तीच्या पायाएवढी फांदी टाकतं. बायकांना विधवा करणारं झाड, असं त्याला तिथले लोक म्हणतात. पान टाकायचं नाही आणि फांदी टाकायची, हा दादाला जरा आडमुठेपणा वाटला.

पण या झाडाचंही ऋतुचक्र आहे, फक्त ते हवेतलं नाही, पाण्यातलं आहे. हिवाळ्यात पाऊस, वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळतं. त्या दिवसांत नदी काठ सोडून जंगलात शिरायची, महिना-दोन महिने मुळांशी थांबायची आणि उतरायची. ओसरत्या पुराच्या गाळात बी रुजायचं. उन्हाळा संपेस्तोवर नदी बारीक व्हायची. धरणांनी हे उलटं केलं. आता हिवाळा-वसंतातलं पाणी धरणात अडवतात आणि उन्हाळ्यात शेतीसाठी सोडतात. नदी उन्हाळ्यात भरलेली आणि पुराच्या दिवसांत दबलेली. आम्ही महाराष्ट्रातून येऊन चैत्रात पानगळ बघत होतो आणि स्वतःला उलट्या ऋतूतले पाहुणे समजत होतो. खरा उलटा ऋतू नदीचा होता, आणि तिला विमानाचं तिकीटही काढावं लागलं नव्हतं.

बार्मात आणखी एक अडचण आहे. हजारो वर्षांपूर्वी इथं जमीन उचलली गेली, नदीची वाट अडली आणि ती वळसा घालून एका अरुंद पात्रातून जाऊ लागली. हा बार्माचा 'चोक', म्हणजे नदीचा गळा. तिथून काठ न सोडता दिवसाला १०,००० मेगालिटरहूनही कमी पाणी पुढे जाऊ शकतं, आणि खालच्या शेकडो किलोमीटरच्या बागांचं बरंचसं पाणी याच गळ्यातून उतरायचं असतं. त्यात वाळू साठून गळा आणखी आवळतो आहे. ती वाळू बरीचशी एकोणिसाव्या शतकात सोन्यासाठी धुऊन काढलेल्या डोंगरांची. म्हणजे ब्राइटसारख्या गावांना ज्यांनी रंगीत झाडं दिली, त्यांनी सोडलेला गाळ अजून नदीतून चाललाच आहे.

आता या जंगलाला पूर द्यायचा तर पाणी आणायचं कुठून? इथं दादाला खरा धक्का बसला. सरकार ते विकत घेतं. २००७ च्या कायद्यानं केंद्रात एक अधिकारी नेमला गेला. शेतकऱ्यांकडून घेतलेले पाण्याचे हक्क त्याच्या नावावर असतात आणि त्यातून तो झाडांना, पक्ष्यांना, माशांना पाणी सोडतो.

"झाडांच्या नावावर पाणी?"

"व्हय," मी म्हणाले.

"आणि शेतकरी गप बसला?"

गप्प बसला नव्हता. २०१० मध्ये ग्रिफिथ गावात शेतकऱ्यांनी सरकारच्या पाणी-योजनेच्या मसुद्याच्या प्रती जाळल्या. २०१२ मध्ये योजना तरीही झाली, वर्षाला २,७५० गिगालिटर पाणी नदीला परत द्यायची. भांडण आजही चालू आहे, आणि त्यात दोन्हीकडे तहानलेलेच आहेत. या भांडणात योर्टा योर्टा लोक कुठे आहेत, हे विचारलं तर उत्तर लाजिरवाणं आहे. त्यांनी जमीन-पाण्यावरचा आपला पूर्वापार हक्क कोर्टात मागितला. इतिहासाच्या लाटेत तो वाहून गेला, असं न्यायाधीशांनी १९९८ मध्ये ठरवलं आणि हायकोर्टानं २००२ मध्ये तो निकाल कायम केला. नदीकाठी राहणाऱ्यांना लाटेचा दाखला देऊन घालवून देणं, याला धाडस लागतं. याच नदीकाठच्या कमेरागंजा वसाहतीतून १९३९ च्या फेब्रुवारीत वाईट वागणुकीला कंटाळून दीडशेहून अधिक माणसं नदी ओलांडून निघून गेली होती.

इचूका हे पर्यटकांचं लाडकं गाव. रेड गमच्या ओंडक्यांचा तीनमजली धक्का, त्याला लागलेल्या वाफेच्या चाकाच्या बोटी, आइस्क्रीम. धक्का तीन मजल्यांचा का, हे नदीकडे बघून कळतं. पाणी चढेल तसा माल वरच्या मजल्यावरून चढवायचा. १८६४ साली मेलबर्नची रेल्वे इथं आली आणि आतल्या मुलखातली लोकर बोटींनी येऊन इथून आगगाडीत चढू लागली. मला आवडतो तो विल्यम रॅन्डेल. या पिठाच्या गिरणीवाल्यानं आयुष्यात वाफेची बोट पाहिली नव्हती. त्यानं १८५३ मध्ये स्वतःच एक बांधली. तिचा बॉयलर चौकोनी होता आणि वाफ धरली की फुगायचा, म्हणून साखळ्यांनी आवळून पाचरी मारायचे. त्याच बोटीनं तो नदीत शेकडो मैल वर गेला. दादाला हा माणूस फार पटला. "आपल्याकडं इंजनाला काथ्या बांधत्यात, तसलंच."

स्वान हिलविषयी एवढंच सांगते की १८३६ साली थॉमस मिचेलला हंसांनी रात्रभर झोपू दिलं नाही म्हणून हे नाव पडलं. आम्हाला शेजारच्या गाडीतल्या घोरण्यानं झोपू दिलं नाही. तिथून पश्चिमेला मुलूख वाळतो. माती लाल होते, झुडपं खुरटी होतात आणि मैलोन्‌मैल काही नाही. मग अचानक सरळ रेषेत बदामाच्या बागा. मग द्राक्षं.

मिल्ड्युरात आम्ही एका दिवसासाठी थांबणार होतो, तीन दिवस राहिलो. पहिल्याच सकाळी दादा हरवला. भाचा गाडीखाली, संडासात, नदीकडे शोधून आला. दादा पार्कामागच्या बागेच्या कुंपणाशी उभा होता. बाग पिवळी झाली होती. नुसती पिवळी नाही. उन्हात आतून दिवा लावल्यासारखी, ओळीच्या ओळी, नजर जाईल तिथवर. एखादं पान सुटायचं आणि तारेवर अडकून राहायचं.

"ही आपलीच हाय," तो म्हणाला. "थॉमसन."

ती थॉमसनच होती. इथं तिला सुलताना म्हणतात. तासगावचा सोनाका आणि माणिक चमन याच घराण्यातले. तासगावात ही वेल वर्षभर जागी असते. इथं ती दादाच्या डोळ्यांदेखत झोपत होती, आणि तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

कुंपणाच्या आत जायची सोय नव्हती. रोगराईच्या भीतीनं बागांच्या दारावर परक्यांना मज्जावाच्या पाट्या आहेत. पण म्हातारा मालक ट्रॅक्टरवरून उतरून आला. दादाला इंग्रजी येत नाही. त्यानं हातानं कात्री चालवून दाखवली, दोन बोटं वर केली. वर्षाला दोन छाटण्या. मालकानं एक बोट दाखवलं, मग कानाखाली हात घेऊन मान कलती केली. एकच, वेल झोपल्यावर, हिवाळ्यात. दहा मिनिटांनी आम्ही पायताणांना औषध लावून बेदाण्याच्या रॅकपाशी होतो. तारेच्या जाळ्यांचे एकावर एक मजले, वर पत्र्याचं छप्पर. सांगलीच्या कुठल्याही शेडचा फोटो म्हणून खपला असता. हंगाम संपला होता. जाळीत चार-दोन मणी अडकलेले. मालकानं कोपऱ्यातलं पिंप दाखवलं आणि दादानं वास घेऊन मान डोलावली. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट. घड या द्रावणात बुडवले की मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो, पाणी लवकर उडतं आणि बेदाणा काळा न पडता सोनेरी राहतो. सांगलीकडे ही रीत ऑस्ट्रेलियन पद्धत म्हणूनच आली. दादानं ती किती हंगाम वापरली आणि ती कुठून आली हे कधी विचारलं नव्हतं.

आता रॅक फारसे कुणी वापरत नाही, असं मालक म्हणाला. घड वेलीवरच ठेवून काडी कापतात, द्रावण वरून फवारतात, बेदाणा तारेवरच वाळतो आणि यंत्र तो झाडून नेतं. मजूर मिळत नाहीत. हे वाक्य भाच्यानं भाषांतर करायच्या आधीच दादाला कळलं.

या वाळवंटात द्राक्षं आणली चॅफी बंधूंनी. जॉर्ज आणि विल्यम मूळचे कॅनडाचे. कॅलिफोर्नियात त्यांनी पाटपाण्याच्या वसाहती उभारल्या होत्या. व्हिक्टोरियाचे मंत्री आल्फ्रेड डीकिन १८८५ मध्ये तिकडे जाऊन ते बघून आले आणि पुढच्याच वर्षी चॅफी इकडे आले. मिल्ड्युरातल्या आडव्या रस्त्यांना अजून अमेरिकी थाटात आकडे आहेत, सातवी स्ट्रीट, आठवी स्ट्रीट. जॉर्जनं आखलेला सायकी बेंडचा वाफेचा पंप १८९१ साली नदीचं पाणी उचलून वर टाकू लागला. उपसा सिंचन! म्हैसाळ, ताकारी, टेंभूच्या मुलखातला माणूस त्या पंपासमोर तासभर उभा राहिला. पुढची कथाही ओळखीची निघाली. कालव्यांतून पाणी झिरपलं, माल बाजारात पोचेना, १८९० च्या दशकात मंदी आली आणि कंपनी बुडाली. जॉर्ज अमेरिकेला परतला. विल्यम मात्र लोकांच्या शिव्या खात इथंच राहिला, स्वतः द्राक्षं पिकवली आणि गावचा महापौर झाला.

संध्याकाळी मालकानं आम्हाला आपल्या मोबाइलवर पाण्याचा भाव दाखवला. इथं जमिनीचा कागद वेगळा आणि पाण्याचा वेगळा. पाणी शेअरसारखं विकता येतं, भाड्यानं देता येतं. ज्याच्या मालकीची एक गुंठा जमीन नाही असा माणूसही ते घेऊन ठेवू शकतो. एक मेगालिटर म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. ओल्या वर्षी ते दहा-वीस डॉलरांत मिळतं, दुष्काळात शेकड्यांवर जातं. मग लहान शेतकरी हिशेब घालतो की बाग जगवण्यापेक्षा यंदाचं पाणी बदामवाल्याला विकलेलं बरं.

दादा बराच वेळ गप्प होता. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तेव्हा तो स्टेशनावर बघायला गेला होता. "ते कुणी विकलं न्हवतं," एवढंच तो म्हणाला. माझ्या मनात आलं की आमच्याकडेही टँकरवाला पाणी विकतोच, फक्त भाव मोबाइलवर दिसत नाही. पण ते मी बोलले नाही.

निघताना दादानं बागेकडे अशा नजरेनं पाहिलं की भाचा घाबरला. "आबा, काडी घेऊ नका. कायदा लई कडक आहे." दादानं दोन्ही हात वर करून दाखवले. खिशात फक्त ब्राइटचं पान होतं. आता चुरा झालेलं.

वेंटवर्थ हा आमचा शेवटचा मुक्काम. इथं डार्लिंग येऊन मरीला मिळते. मरी आणि डार्लिंग या जोडीवर भाच्यानं आणि मी काय काय विनोद केले ते इथं नको. डार्लिंगचं तिच्या काठच्या लोकांतलं नाव बाका. ती येते क्वीन्सलँडच्या बाजूनं, कोरड्या मुलखातून, कधी दुथडी, कधी डबक्यांची माळ. २०१८-१९ च्या उन्हाळ्यात वर मेनिंडी गावाजवळ तिच्यात लाखो मासे मरून तरंगले आणि २०२३ मध्ये पुन्हा. संगमावर एक मनोरा आहे. वरून दोन पाणी दिसतात, एक हिरवट, एक दुधाच्या चहासारखं. बरंच अंतर ती शेजारून वाहतात, मिसळत नाहीत.

गावात एका चबुतऱ्यावर चक्क ट्रॅक्टरचं स्मारक आहे. करडा, लहानखुरा फर्ग्युसन. १९५६ च्या महापुरात या ट्रॅक्टरांनी मातीचे बांध घालून गाव वाचवलं. पुतळा माणसाचा नाही, ट्रॅक्टरचा, यावर दादा बेहद्द खूश झाला. त्यानं प्रवासातला पहिला फोटो इथं काढून घेतला, बॉनेटवर हात ठेवून.

मग आम्ही संगमाशी उतरलो. हरिपूरला कृष्णेत वारणा मिळते तिथं संगमेश्वराच्या घाटावर दादा दर श्रावणात जातो. इथं घाट नव्हता, चिखल होता आणि रेड गमची उघडी मुळं. पायताण काढून तो घोटाभर पाण्यात गेला. ओंजळ भरली, थोडं पाणी डोक्याला लावलं. "हरिपूरला दोन हजार पाचला हळदीची पेवं बुडाली," तो सहज सांगावं तसं म्हणाला. "तवा बी पाणी कुणाचं म्हणून कुणी विचारलं न्हाय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. इथले संध्याकाळचे पाच, गावाकडे दुपारचे साडेबारा. वहिनीचा आवाज मलाही ऐकू येत होता. म्हैसाळचं आवर्तन सुटलं होतं.

"खालच्या बागेला आधी दे," दादा मरी नदीत उभं राहून ओरडत होता. "छाटल्यापासनं पाणी न्हाय तिला. आणि मोटरीला फ्यूज बघ. बघितलास का? मग बघ की, मी धरतो फोन."

तो फोन धरून उभा राहिला. पाणी त्याच्या घोट्यांवरून पश्चिमेला चाललं होतं, एका पायाशी हिरवं, दुसऱ्याशी गढूळ.